मावळची काच

मे महिना सरत आला की मावळातल्या शाळांमध्ये निरोपाचे कार्यक्रम सुरू होतात. एके काळी खेड्यापाड्यांत शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की सर्रास 1 जून लिहिली जायची. त्यामुळे शिक्षकांची एक मोठी फळी 31 मे रोजीच सेवानिवृत्त होत आली आहे. शाळेला सुट्टी असली तरी माजी विद्यार्थी गोळा होतात, वर्गणी निघते, कोणीतरी पिंपरीला किंवा पुण्याला जाऊन स्मृतिचिन्ह घेऊन येतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ॲक्रिलिकची ढाल. भाषणं अगदी मनापासून होतात, बोलता बोलता आवाज दाटून येतो. आणि मग शिक्षकांच्या हातात जी वस्तू पडते ती कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येईल अशी असते. वरची चिकटपट्टी बदलली की तीच ढाल क्रिकेटच्या सामन्यालाही चालावी.

मला हे फार खटकतं. ज्यांनी हातात हात धरून अक्षर गिरवून घेतलं, त्यांना द्यायची वस्तू हातानेच केलेली असावी, असं मी मानते. आणि मावळातल्या विद्यार्थ्याने ती काचेची करावी, असाही माझा आग्रह आहे. हा दुसरा आग्रह ऐकून माणसं चमकतात. मावळ म्हटलं की भात, गड, पाऊस आणि लोणावळ्याची चिक्की. काच कुठून आली? ती इथे शंभर वर्षांहून जुनी आहे. त्याकडे येतेच. आधी काम कसं चालतं ते सांगते.

तळेगाव स्टेशनच्या बाजूला माझ्या घराच्या मागच्या पडवीत विजेवर चालणारी एक लहान भट्टी आहे. शनिवार-रविवारी लोकलने मुलं येतात. कोणी कान्ह्याहून, कोणी कामशेतहून, कोणी थेट लोणावळ्याहून. कोणाला बाईंसाठी काही करायचं असतं, कोणाला पदवी मिळालेल्या बहिणीसाठी. काच आम्ही विकत घेत नाही म्हटलं तरी चालेल. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या दुकानदारांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते आणतो. एका वस्तूचे सगळे तुकडे मात्र एकाच मोठ्या काचेतले लागतात. दोन वेगळ्या काचा तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि थंड होताना एकमेकींना ओढून तडकतात.

काच कापायची म्हणजे तिच्यावर एक रेघ ओढायची. चाकाच्या कटरला थोडं रॉकेल लावायचं, पट्टी धरायची आणि न थांबता, एकाच दाबाने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. बारीक, सलग करकर ऐकू आली की रेघ नीट उमटली. आवाज जिथे तुटतो तिथे काच वाकडी फुटणार, हे आधीच कळतं. मग दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच खाली दाबलं की काच त्या रेघेवर सरळ दुभंगते. पहिल्यांदा करणारी मुलं डोळे मिटून घेतात. मी त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगते, कारण चष्मा लावलेलाच असतो आणि हा क्षण बघण्यासारखा असतो.

आता मुख्य गोष्ट. कापलेल्या दोन काचांच्या मध्ये आम्ही भाताची पात ठेवतो.

लावणीला किंवा कापणीला जो खाचरात उतरला आहे त्याला भाताच्या पातीची धार माहीत असते. नकळत बोट चिरतं आणि पाण्यात हात घातला की झोंबतं. ही धार सिलिकेची. भाताचं रोप जमिनीतून सिलिका शोषून घेतं आणि पातीत, पेंढ्यात, तुसात साठवतं. भाताचं तूस जाळलं तर मागे जी राख उरते ती बहुतेक सगळी सिलिकाच असते. आणि काच म्हणजे तरी काय? वाळूतली सिलिका, तिला वितळायला मदत करणारा सोडा आणि टिकाऊपणासाठी चुना. खाचरात उभी असलेली पात आणि खिडकीची काच यांचं मूळ द्रव्य एकच आहे.

म्हणून पात काचेत टिकते. भट्टी सावकाश तापवायची. पातीतला कार्बन जळतो, त्याचा धूर काचांच्या फटीतून बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो; घाई केली तर तो आतच अडकून मोठा बुडबुडा धरतो. आठशे अंशांच्या आसपास दोन्ही काचा मऊ होऊन एकजीव होतात. फूल ठेवलं असतं तर बहुधा एक करडा डाग उरला असता. भाताची पात मात्र आपला सांगाडा सोडत नाही. हिरवा रंग जातो, आणि काचेच्या पोटात पांढरीशुभ्र पात उरते, तिच्या समांतर शिरांसकट. उजेडाकडे धरली की शीर न् शीर मोजता येते.

त्यानंतरचं काम थांबण्याचं. साडेपाचशे अंशांच्या जवळपास काच बराच वेळ एकाच तापमानावर ठेवायची आणि मग अगदी धीम्या गतीने थंड होऊ द्यायची. काचेची बाहेरची बाजू आधी निवते आणि आतली मागाहून. ही दोन्ही निवणं जुळली नाहीत तर काचेत ताण राहून जातो. अशी काच भट्टीतून बाहेर येताना धड दिसते आणि काही महिन्यांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या आपोआप दुभंगते. म्हणून भट्टी रात्रभर बंद ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी हात लावण्याइतकी निवल्यावरच उघडायची. आजच्या मुलांना हे सगळ्यात कठीण जातं, आणि याचसाठी मला हे काम त्यांच्या हातून करून घ्यावंसं वाटतं. पहिली ते दहावी एखादं मूल घडताना पाहणाऱ्या शिक्षकाचं बहुतेक आयुष्य असंच थांबण्यात गेलेलं असतं.

पातीची तयारीही आधीपासून लागते. काही भेटी गुरुपौर्णिमेला द्यायच्या असतात. ती आषाढात येते, आणि लोणावळ्याच्या अंगाला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्या दिवसांत घरातलं मीठ कोरडं राहत नाही, तिथे पात कुठली वाळणार? म्हणून दिवाळीच्या सुमारास कापणी सुरू झाली की पाती आणून जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवायच्या. आषाढात द्यायच्या भेटीची सुरुवात कार्तिकात होते. बहुतेक पाती इंद्रायणीच्या असतात. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि 1987 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. एखाद्या घरी अजून आंबेमोहोर लावतात, ती पात मिळाली की मुलं वहीत जपून ठेवतात.

हे सगळं तळेगावात बसून करताना एका गोष्टीची आठवण ठेवल्याशिवाय मला भट्टीचं बटण दाबवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाचा एक माणूस गावोगाव हिंडत होता. त्याचं मागणं अगदी साधं होतं. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. त्या वेळी रुपयाचे 64 पैसे होत. एक पैसा देऊ शकणार नाही असा माणूस विरळा, आणि एका पैशाने काय होणार असं म्हणणारेही पुष्कळ. लोकमान्य टिळकांनी आणि ‘केसरी’ने ही कल्पना उचलून धरली. जमलेल्या पैशांतून 1908 साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला.

पहिली भट्टी उभारायला ईश्वरदास वार्ष्णेय आले. उत्तरेकडचा हा तरुण जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आलेला होता. मला या हकिगतीतली सगळ्यात मोलाची वाटते ती एक गोष्ट: हा कारखाना शाळाही होता. इथे मुलांना काच बनवायला शिकवत. चौदाशे-पंधराशे अंशांच्या भट्टीसमोर उभं राहून लोखंडी नळीच्या टोकावर रस घ्यायचा, नळी सतत फिरवत ठेवायची, फुंकर घालायची, साच्यात आकार द्यायचा. स्वदेशीच्या लाटेत देशभर काचेचे कारखाने निघाले आणि त्यातले बरेच लवकर बुडाले, कारण भांडवल जमलं तरी काम येणारे हात नव्हते. तळेगावने ते हात तयार केले. इथे शिकलेली माणसं पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-जर्मनीकडून येणारी काच बंद झाली, तेव्हा या कौशल्याची किंमत सगळ्यांना कळली. 1916 साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत आपला कारखाना काढला. त्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी अभ्यास केला. आपल्या कितीतरी शिक्षकांचं शिक्षण असं देशी काचेतून आलेल्या उजेडावर झालेलं आहे.

याच तळेगावात त्याच सुमारास प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचं समर्थ विद्यालय चाललं होतं. मातृभाषेतून शिक्षण आणि पुस्तकाबरोबर हाताचं काम, असा त्यांचा आग्रह. सरकारला त्यात धोका दिसला आणि 1910 साली ते विद्यालय बंद पाडण्यात आलं. एका गावात एकाच काळात काचेची भट्टी आणि राष्ट्रीय शिक्षणाची शाळा असावी, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. शिकणं हातात उतरलं पाहिजे, असं या दोन्ही ठिकाणच्या माणसांना वाटत होतं. आज त्या गावातलं मूल आपल्या गुरुजींना देण्यासाठी दुकानातून ढाल विकत आणतं, तेव्हा आपण काहीतरी हातचं घालवलं असं मला वाटतं.

अनेकांनी थोडं थोडं देऊन काही उभारण्याची रीत मावळात पैसा फंडाहूनही जुनी आहे. मळवली स्टेशनवर उतरून कार्ल्याच्या लेण्यांकडे जाता येतं. एकवीरा आईच्या दर्शनाला आलेली गर्दी देवळापुढून पुढे सरकते. शेजारच्या चैत्यगृहात शिरून खांबांवरची ब्राह्मी अक्षरं बघायला थोडीच माणसं थांबतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं हे चैत्यगृह एका राजाच्या खजिन्यातून उभं राहिलेलं नाही. हा खांब अमक्याचं दान, तो खांब तमक्याचं दान, असं त्यांवर कोरलेलं आहे. धेनुकाकट गावची नावं पुन्हा पुन्हा येतात, त्यांत यवनही आहेत. तिथल्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने दरवाजाचं दान दिल्याचा लेख आहे. आणि त्याच गावचा सामी नावाचा सुतार होता. दरवाजाचं काम त्याने केलं, असं त्याच्या नावाने लिहिलेलं आहे. व्यापाऱ्याने द्रव्य दिलं, सुताराने काम दिलं, आणि दोघांची नावं त्याच दगडावर राहिली. मुलांना घेऊन मी तिथे जाते तेव्हा त्यांना सामीचं नाव आवर्जून सांगते.

आमच्या काचेवरही नावं असतात, पण छापलेली नसतात. हिरकणीच्या टोकाची एक लेखणी मिळते, तिने काचेवर लिहिता येतं. काच भट्टीतून निघाली आणि कडा ओल्या दगडावर घासून झाल्या की प्रत्येकाने खालच्या बाजूला आपल्या हाताने काहीतरी कोरायचं, असा आमचा रिवाज आहे.

नाणे मावळातल्या एका शाळेतून मराठीच्या बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक पसरट थाळी केली, मधोमध तीन पाती, खाली अक्षरं. नावं लिहायची नाहीत असं त्यांनीच ठरवलं. ज्या अक्षरासाठी बाईंचा सगळ्यात जास्त ओरडा खाल्ला ते एकच अक्षर प्रत्येकाने काढायचं. कार्यक्रमाच्या दिवशी थाळी हातात दिल्यावर एकाने फक्त एवढंच म्हटलं, ‘‘बाई, ओळखा.’’ बाईंनी चष्मा पुसला, थाळी उलटी करून खिडकीकडे धरली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हा ण. अजून दांडी आधी काढतोस ना रे?’’ मागे उभा असलेला मुलगा आता कामशेतच्या बाजारात टेम्पो चालवतो. तो म्हणाला, ‘‘हो बाई.’’ मग त्यांनी ळ ओळखला, क्ष ओळखला, एका ऋ वरून कोण कुठल्या बाकावर बसायचं तेही सांगितलं. ज्या हातांनी त्यांच्या लाल शाईची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, त्या हातांची वळणं त्या विसरलेल्या नव्हत्या. छापील नावांच्या ढालीवर हे घडलं नसतं. शिक्षकाला आपलं काम विद्यार्थ्याच्या हातात दिसलं पाहिजे. त्याहून मोठं स्मृतिचिन्ह मला सुचत नाही.

पदवीधरांची गोष्ट जराशी वेगळी. तिथे देणारे मोठे असतात आणि घेणारं लेकरू. आंदर मावळातल्या एका घरची मुलगी परिचर्येची पदवी घेऊन बाहेर पडली. त्या घरातली ती पहिली पदवीधर. तिची आत्या माझ्याकडे आली. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाती होत्या. म्हणाली, ‘‘ताई, हे रान आता आमचं नाही राहिलं. गेल्या साली इकलं. शेवटच्या पिकाची पात मी ठेवली होती.’’ मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण झाला आणि त्यानंतर मावळातल्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. बंगल्यांच्या योजना, रिसॉर्ट, गोदामं. जमीन विकून मुलांची शिक्षणं झालेली घरं इथे गावागणिक आहेत. आत्याने कधी कटर हातात धरला नव्हता, पण कोयता आयुष्यभर चालवला होता. तिचा हात एकदाही थांबला नाही, रेघ सरळ उमटली. मुलीसाठी तिने हातात मावेल एवढा चौकोन केला. ही मुलगी आता पुण्याच्या रुग्णालयात काम करते आणि तो चौकोन तिच्या खोलीच्या खिडकीत आहे. ज्या खाचरावर तिचं शिक्षण झालं त्या खाचराची एक पात तिच्याजवळ आहे. पदवीच्या प्रमाणपत्रावर हे लिहिलेलं नसतं, आणि ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

काच भेट देण्याबद्दल दोन शंका मला नेहमी विचारल्या जातात. पहिली, काच फुटते आणि काच फुटणं अशुभ. फुटते हे खरं. पण जाड, नीट निववलेली काच वापरात पिढ्यान् पिढ्या टिकते. आपल्याकडे उत्खननांत सापडलेले काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे शतकानुशतकं मातीत राहून आपल्या हाती आले आहेत. त्यांचा अभ्यास डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केला आणि भारतीय काचेचा इतिहास 1969 साली ग्रंथरूपाने मांडला. जी वस्तू जपावी लागते तिच्याकडे माणूस लक्ष देतो, हाही काचेचा गुणच आहे.

दुसरी शंका मुलांच्या हाताची. ती रास्त आहे. जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट आणि शेजारी मोठं माणूस, याशिवाय काचेला हात लावायचा नाही. भट्टीचं काम मोठ्यांनीच करायचं. चुरा झाडूने झाडायचा नाही, ओल्या कापडाने टिपायचा. एवढं पाळलं तर आठवी-नववीतली मुलं हे काम सहज करतात.

आणि रंगीत काच कुठून आणायची, याचं उत्तर मावळात पायाखाली पडलेलं आहे. भुशी धरणाच्या पायऱ्यांपासून लोहगडाच्या वाटेपर्यंत पावसाळी पर्यटक बाटल्या टाकून जातात, फोडून जातात. गडांवर स्वच्छता मोहिमा काढणारी मंडळी त्या पोत्यांनी खाली आणतात. हिरवी बाटली बहुतेकदा क्रोमियममुळे हिरवी असते, तपकिरी बाटलीत लोहाबरोबर गंधक आणि कार्बन असतो. धुऊन, कुटून, एकाच जातीची काच एकत्र वितळवली की लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या रांगेला लागणारा रंग मिळतो. एका भूगोलाच्या सरांसाठी मुलांनी चारही गडांच्या माथ्यांची रेघ अशाच तपकिरी काचेत काढली होती. ज्या बाटलीने एखाद्या गुराख्याचा पाय कापला असता, ती सरांच्या टेबलावर गेली. काचेला आधीचं काही चिकटून राहत नाही. वितळली की ती नव्याने सुरुवात करते.

खर्चाचं म्हणाल तर निरोप समारंभाला जेवढी वर्गणी निघते, तिच्यातला थोडा भाग पुरतो. शाळांनी मनावर घेतलं तर तीन-चार शाळांत मिळून एक लहान भट्टी सहज चालेल. ज्या तालुक्यात एकेका पैशावर अख्खा कारखाना उभा राहिला, तिथे एवढ्यासाठी पैसा कमी पडेल असं मला वाटत नाही. माजी विद्यार्थ्यांनी पुढाकार घ्यायला हवा, आणि हस्तकलेचा तास कागदी फुलांच्या पुढे न्यायची शिक्षकांची तयारी हवी.

तेव्हा माझी विनंती आहे. येत्या कापणीला खाचरातून दहा-वीस चांगल्या पाती काढून वर्तमानपत्रात दाबून ठेवा. पुढच्या मे महिन्यात तुमच्या शाळेतून कोणते गुरुजी, कोणत्या बाई निवृत्त होणार आहेत, हे आजच विचारून घ्या. आणि वर्गणी काढायला बसाल तेव्हा पैशाबरोबर प्रत्येकाकडून एक दिवस मागून घ्या.